बंद दुकानाचे भाडे कोणी सोसायचे?

मार्च २०२० च्या अखेरीस, कोरोनाची टाळेबंदी सुरू असताना, कोल्हापुरातील महाद्वार रोडवरील एका कापड दुकानदारांचा मला फोन आला. अंबाबाईचे मंदिर बंद, बाहेरगावचे भाविक येणे थांबलेले, चौकाचौकांत पोलीस आणि भाड्याची एक तारीख तोंडावर आलेली. "वकीलसाहेब, कुलूप लावायला सरकारनेच सांगितलं, मग या महिन्याचं भाडं द्यायचं कशाचं?" असे त्यांनी विचारले. भाडे द्यावे लागेल, असे मी सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. उत्तर कायद्याला धरून होते, पण ते न्यायाचे नव्हते, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

सरकारी आदेशाने धंदा बंद झाला की देणीही आपोआप थांबतात, असा समज त्या काळात व्यापाऱ्यांमध्ये पसरला होता. त्यासाठी १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम ५६ चा हवाला दिला जाई. करार पार पाडणे अशक्य झाल्यास तो निरर्थक ठरतो, असे हे कलम सांगते. परंतु एकदा जागेचा ताबा दिला गेला की भाडेपट्ट्याला ते लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच स्पष्ट केले होते. मग उरतो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याच्या कलम १०८ नुसार आग, वादळ, पूर किंवा अन्य अनिवार्य शक्तीमुळे जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला, अथवा ती कायमची निरुपयोगी झाली, तर भाडेकरूला भाडेपट्टा संपवता येतो. मे २०२० मध्ये दिल्लीतील खान मार्केटमधल्या एका दुकानाचे प्रकरण उच्च न्यायालयात आले, तेव्हा हाच निकष लागला. काही काळ दुकान वापरता आले नाही, एवढ्यावरून भाडे स्थगित करण्यास न्यायालयाने नकार दिला आणि फक्त रक्कम भरण्याच्या मुदतीत थोडी सवलत दिली.

कोल्हापूरकराला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीच्या दुकानांत पंचगंगेचे पाणी शिरले, तेव्हा भिजलेला माल दिसत होता, पंचनामा करता येत होता आणि पुराचे संरक्षण असलेला विमा असेल, तर दावाही करता येत होता. त्यानंतर आठ महिनेही झाले नाहीत तोच आलेल्या टाळेबंदीत दुकान, भिंती, माल, सारे जागच्या जागी होते. व्यवसाय थांबल्याची भरपाई देणारा नेहमीचा विमाही मालमत्तेची प्रत्यक्ष हानी झाली असेल तरच लागू होतो, त्यामुळे तो मार्गही बंद होता.

शासनाने या काळात खाजगी व्यवहारांत हातच घातला नाही, असे म्हणता येणार नाही. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळात कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. दिवाळखोरीची नवी प्रकरणे २५ मार्च २०२० पासूनच्या थकबाकीसाठी वर्षभर रोखली गेली. केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्चच्या आदेशाने बंद काळाचे पूर्ण वेतन देणे मालकांवर बंधनकारक केले. तो आदेश मे महिन्यात मागे घेतला गेला आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालक व कामगारांना वाटाघाटीचा मार्ग दाखवला. दुकानाच्या भाड्याबाबत मात्र काहीच झाले नाही. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलण्याची सूचना केली होती, पण ती राहत्या घरांसाठी होती, आणि तिचे स्वरूपही सूचनेचेच होते.

मी मालकांच्या विरोधात लिहितो आहे, असा गैरसमज कृपया करून घेऊ नये. वर ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांच्या जागेच्या मालकीणबाईंचा घरखर्च आणि औषधपाणी त्याच भाड्यावर चालत होते. त्यांनी नोटीस पाठवली, ती गरजेपोटी. या दोघांना समोरासमोर बसवून, निम्मे भाडे आता आणि उरलेले दोन वर्षांच्या हप्त्यांत, अशी तडजोड मी घडवून आणली. त्यांचे संबंध तीस वर्षांचे होते, म्हणूनच ते जमले. ज्यांची अशी ओळख नव्हती, त्यांच्यापैकी कित्येकांनी दुकाने सोडली आणि डिपॉझिट थकबाकीत वळते झाले. तीन वर्षे उलटल्यावर जुनी बाकी बुडीत झाली, असे मानणारेही फसले. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने दावा दाखल करण्याच्या मुदतीच्या हिशोबातून वगळला होता, आणि त्यामुळे पुष्कळ दाव्यांची वाट नंतरही खुली राहिली.

शासनाच्या आदेशाने व्यवसाय सक्तीने बंद राहिला, तर त्या काळाच्या भाड्याचा भार मालक आणि भाडेकरू यांनी ठरावीक प्रमाणात वाटून घ्यावा, आणि केवळ भाड्यावर जगणाऱ्या छोट्या मालकाला शासनाने आधार द्यावा, अशी तरतूद १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात झाली पाहिजे. त्या कायद्याचे कलम १५ थकबाकीची नोटीस मिळाल्यावर भाडेकरूला नव्वद दिवस देते, परंतु दुकानावर टाळे लावण्याचा आदेश असताना ते नव्वद दिवस कोणत्या कमाईने भरून काढायचे, याचा विचार त्यात नाही. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेपट्ट्याऐवजी जागा वापरण्याच्या नुसत्या परवानगीवर, बसलेल्या दुकानदाराला तर तेवढाही आसरा नाही.

ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले आहे, आणि इथल्या दुकानदाराला दाद मागण्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, याचे मोल मी जाणतो. पण न्यायाधीशांपुढे ठेवायला कायद्यात आणि करारात काहीतरी लिहिलेले असावे लागते. म्हणून हल्ली माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक करारात, सरकारी आदेशाने दुकान सलग सात दिवसांहून अधिक बंद राहिल्यास त्या काळाचे भाडे निम्मे, असे एक कलम मी घालतो. काही मालक ते खोडायला सांगतात. अशा वेळी मी दोघांनाही पुढ्यात बसवून २०२० च्या एप्रिलमध्ये त्यांचे काय झाले होते, ते आधी विचारतो आणि मगच पेन हातात घेतो.