जिभेच्या रुंदीएवढं गवत

साहित्य संमेलन जवळ आलं की आमच्या कराडच्या शाळेच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो. सरकारचे पैसे घ्यायचे, मंत्र्यांना पहिल्या रांगेत बसवायचं आणि वर लेखनस्वातंत्र्याचे ठराव करायचे, हे कसं चालतं? यंदा एकाने लिहिलं, 'खऱ्या लेखकाने सरकारी चहासुद्धा पिऊ नये.' त्यावर धडाधड अंगठे.

मी पॅरिसजवळ राहते. तो मेसेज वाचत होते तेव्हा लेक स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत ला फाँतेन या जुन्या फ्रेंच कवीची बोधकथा पाठ करत होती. इथे प्राथमिक शाळेत कवितेची वही वेगळी असते. एका पानावर कविता उतरवायची, समोरच्या कोऱ्या पानावर चित्र काढायचं. मोठी झाली तरी तिची ती सवय गेलेली नाही. या वेळी पानभर एक गाढव होतं, जीभ बाहेर काढलेलं.

"सिंह कुठाय?"

"मावला नाही."

गोष्ट प्लेगची. सिंह म्हणतो, सगळ्यांनी आपापली पापं सांगा, सर्वात मोठ्या पाप्याचा बळी देऊ. मी मेंढ्या खाल्ल्या, कधीमधी मेंढपाळही. कोल्हा लगेच म्हणतो, महाराज, खाऊन तुम्ही मेंढ्यांचा मानच वाढवलात! मग गाढव कबूल करतं की मठाच्या कुरणातून जाताना जिभेच्या रुंदीएवढं गवत खाल्लं. सगळे त्याच्यावर तुटून पडतात.

हे १६७८ मध्ये छापलं, चौदाव्या लुईच्या फ्रान्समध्ये. आणि तो संग्रह अर्पण कुणाला? मादाम द मोंतेस्पांला, खुद्द राजाच्या प्रेयसीला.

या ला फाँतेनने जन्मभर दुसऱ्याच्या ताटातलं खाल्लं. १६२१ साली शातो-तिएरी गावात जन्म, वडिलांसारखीच जंगल आणि पाणवठ्यांवर देखरेखीची नोकरी, संसारात लक्ष नाही. अर्थमंत्री फूके त्याला मानधन द्यायचा आणि पावती म्हणून दर तिमाहीला कविता घ्यायचा. पुढे मादाम द ला साब्लिएर या विदुषीच्या घरी तो वीसेक वर्षं राहिला. आपल्या वादात हा पहिल्या फेरीतच बाद!

पण १६६१ मध्ये राजाने फूकेला अटक केली. काल त्याच्या पंगतीला बसलेले आज ओळख दाखवेनात, तेव्हा याने त्याच्यासाठी दयेची याचना करणारी कविता लिहिली. राजा ते विसरला नाही. १६८३ मध्ये फ्रेंच अकादमी या भाषा-साहित्याच्या संस्थेने त्याला निवडलं, तेही फूकेचा काळ ठरलेल्या मंत्री कोल्बेरच्या रिकाम्या खुर्चीवर. राजाने संमती महिनोन्‌महिने अडवून ठेवली. राजाच्या मर्जीतला कवी बोआलो निवडून आल्यावरच परवानगी मिळाली.

इथे आजही लेखक सरकारी शिष्यवृत्ती घेतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मलाही ग्रुपवरचा चहाचा मुद्दा पटत नाही. १९७५ च्या आमच्या कराडच्या संमेलनात स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण होते, केंद्रात मंत्री. आणीबाणी चालू होती. त्याच व्यासपीठावरून अध्यक्ष दुर्गा भागवतांनी आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला सांगितलं. बाबा मांडवात मागे उभे होते. चहा कुणी पाजला ते त्यांना आठवत नाही. बाईंचा आवाज आठवतो. पुढच्याच वर्षी बाई तुरुंगात होत्या.

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. चहावाल्याचं उत्तर आलं, 'पण तुझा फ्रेंच कवी शेवटी वाकला असेलच की.'

वाकला. राजापुढे नाही, पाद्र्यापुढे. १६९३ मध्ये आजारी असताना, अकादमीच्या सभासदांना खोलीत उभं करून त्याच्याकडून जुन्या चावट कथांबद्दल माफी वदवून घेतली गेली. गाढवाची गोष्ट लिहिणारा म्हातारा स्वतःच्या गवताची कबुली देत होता. त्यानंतर बरा झाला आणि बोधकथांचा शेवटचा भाग छापायला दिला.