खुलासा: पेप्टाइड म्हणजे फळात टोचलेला रंग नव्हे

‘द्राक्षं लाल दिसावीत म्हणून त्यांत पेप्टाइड नावाचा रासायनिक रंग टोचतात’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. तिला स्वतःचा रंग नसतो. मायक्रोआरएनए (जनुकांच्या कामाला आवर घालणारे छोटे रेणू) वाढवणारी काही पेप्टाइडं वनस्पती स्वतःच बनवतात, हे २०१५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालं. मेसेजचं मूळ बहुधा २०२१ च्या शोधनिबंधात असावं. मी तो वाचलाय. त्यात द्राक्षाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांना ‘मायपेप १६४सी’ हे पेप्टाइड बाहेरून दिलं होतं. बाजारातल्या फळांचा तिथे संबंधच नाही.

घडतं ते फार सुंदर आहे. हे पेप्टाइड स्वतःच्या जोडीच्या मायक्रोआरएनएचं उत्पादन वाढवतं. तो मायक्रोआरएनए तुरट टॅनिन बनवणारी जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला आवर घालतो. टॅनिन आणि लाल-जांभळं रंगद्रव्य अँथोसायनिन एकाच कच्च्या मालातून बनतात. एक पाट अडवला की पाणी दुसऱ्यात वळतं, तसं अँथोसायनिन वाढतं. म्हणजे रंग पेशीचाच, बाहेरून आलेला नाही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आधीच पाठवला असेल, तिथे हा खुलासाही टाका.