वीस मिनिटं वाजवलं म्हणून प्रोग्रेसिव्ह होत नाही: डीप पर्पलबद्दल थोडं सविस्तर

रॉक ऐकणारी चार माणसं जमली की डीप पर्पल या ब्रिटिश बँडला प्रोग्रेसिव्ह रॉकच्या, म्हणजे साध्या गाण्याची चौकट ओलांडून मोठ्या रचना बांधणाऱ्या रॉकच्या, पंगतीत बसवायचं का, हा वाद निघतोच. बसवणारे तीन पुरावे देतात: गाणी लांब आहेत, ऑर्गन आहे, ऑर्केस्ट्राबरोबर वाजवलंय. न बसवणारे 'स्मोक ऑन द वॉटर'ची रिफ, म्हणजे गिटारचा तो परत परत येणारा छोटा तुकडा, तोंडाने वाजवून दाखवतात आणि विषय संपवतात. मला दोन्ही बाजू पटत नाहीत. पर्पलचं पान त्या पंगतीत मांडायला हवं असं माझं ठाम मत आहे, पण ते १९६८ ते १९७१ मधल्या काही ठरावीक कामासाठी. आणि त्याची कारणं वरच्या तीन पुराव्यांत सापडत नाहीत.

आधी लांबीचं बघू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

गाणं दोन प्रकारे लांबतं. एक म्हणजे ते बांधतानाच लांब बांधलेलं असतं: पहिला भाग, दुसरा भाग, मधला जोड, पहिल्या भागातली धून शेवटी वेगळ्या रूपात परत. दुसरा प्रकार आपल्याला ख्यालामुळे चांगला ओळखीचा आहे. बंदिश चार ओळींची, बाकीचा पाऊण तास विस्तार. दोन्हींत मोठं संगीत होऊ शकतं, पण कारागिरी वेगळी. १९७२ साली येस या बँडचं 'क्लोज टू द एज' आणि जेनेसिसचं 'सपर्स रेडी' आलं. अठरा मिनिटं आणि तेवीस मिनिटं. ही मिनिटं पहिल्या प्रकारची आहेत. त्यातला एक तुकडा काढला तर पुढचा तुकडा उघडा पडतो.

आता पर्पलचं 'स्पेस ट्रकिन'' घ्या. 'मशीन हेड' या अल्बमवर ते साडेचार मिनिटांचं आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोत रेकॉर्ड केलेल्या 'मेड इन जपान' या लाइव्ह अल्बमवर तेच गाणं जवळजवळ वीस मिनिटांचं झालंय. मधली पंधरा मिनिटं कुठून आली? त्यातला मोठा भाग मुळात 'मँड्रेक रूट' या १९६८ च्या गाण्याच्या शेवटी वाजायचा. बँडने ते गाणं कार्यक्रमातून काढलं आणि तो सगळा विस्तार उचलून 'स्पेस ट्रकिन''च्या मागे जोडला. मधे 'फूल्स' या तिसऱ्याच गाण्यातला एक तुकडाही येतो. जो विस्तार एका गाण्यावरून काढून दुसऱ्यावर बसवता येतो, तो त्या गाण्याच्या रचनेचा भाग नव्हता, एवढं यातून नक्की कळतं. वाजवणं अफाट आहे. इयन पेसचं ड्रमिंग तर पुन्हा पुन्हा ऐकावं असं. पण ही वीस मिनिटं प्रोग्रेसिव्हच्या बाजूने साक्ष देत नाहीत.

यावर कुणी म्हणेल की किंग क्रिमसन या प्रोग्रेसिव्ह बँडचे वादकही १९७३-७४ मध्ये मंचावर तासन्‌तास उत्स्फूर्त वाजवायचे. बरोबर आहे. फरक असा की त्यांनी त्यातले तुकडे निवडून स्वतंत्र रचना म्हणून 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' या अल्बमवर घेतले. कुठल्या तरी गाण्याची शेपटी म्हणून ते आले नाहीत.

'चाइल्ड इन टाइम'ची गोष्ट पूर्ण वेगळी, आणि माझा सगळा दावा मुख्यतः याच गाण्यावर उभा आहे. १९७० च्या 'इन रॉक' या अल्बमवर ते सव्वादहा मिनिटांचं आहे. शब्द मोजून चार-पाच ओळींचे. बांधणी बघा: ऑर्गनवर संथ धून, पेसच्या झांजा अगदी हलक्या, मग इयन गिलनचा खालच्या आवाजात अंतरा. त्यानंतर शब्द थांबतात आणि नुसता आकारासारखा स्वर सुरू होतो. आधी हळू, मग तोच आराखडा वरच्या पट्टीत, मग सरळ किंकाळी. किंकाळीनंतर बोलेरोसारखा ठेका येतो, मग लय दुप्पट होते आणि गिटारवादक रिची ब्लॅकमोरचा सोलो सुटतो. सहा मिनिटं उलटली की सगळं एका फटक्यात तुटतं, आणि पहिली ऑर्गनची धून जिथे सुरू झाली होती तिथून पुन्हा सुरू होते. तोच अंतरा, तीच चढण. पण या वेळी चढणीच्या शेवटी सोलो नाही, सगळं वेग घेत कोसळतं. पहिल्यांदा चढताना काय होतं हे ऐकणाऱ्याला माहीत झालेलं असतं आणि दुसऱ्यांदा तेच होईल अशी त्याची खात्री असते. तीच खात्री मोडण्यासाठी गाणं दोनदा चढतं. ही पहिल्या प्रकारची लांबी आहे. ताल साधा चार मात्रांचा, सूर मायनरमधले, कुठेही पाच-सात मात्रांची कसरत नाही, तरीही रचना प्रोग्रेसिव्ह. विषम मात्रा म्हणजेच प्रोग्रेसिव्ह असं मानणाऱ्यांनी हे गाणं हातात कागद घेऊन ऐकावं.

या धुनेचं मूळ आपल्या गावाच्या नावाशी जोडलेलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमवर 'बॉम्बे कॉलिंग' नावाची व्हायोलिनची झपाट्याची धून आहे. पर्पलचा ऑर्गनवादक जॉन लॉर्ड याने ती ऑर्गनवर संथ लयीत वाजवली आणि त्यातून 'चाइल्ड इन टाइम' उभं राहिलं. परतफेडही झाली: पर्पलच्या 'रिंग दॅट नेक'वरून त्या बँडने १९७० च्या अल्बमवर 'डॉन अँड ड्यूई' केलं. दोन्ही धुना पाठोपाठ ऐकल्या तर लय बदलल्याने एकाच धुनेचा स्वभाव किती बदलतो ते लगेच कानावर येतं.

आता ऑर्गन. 'ऑर्गन आहे म्हणजे प्रोग्रेसिव्ह' हा युक्तिवाद तर मला उलटाच वाटतो. हॅमंड ऑर्गन सहसा लेस्ली स्पीकरमधून वाजतो. त्या पेटीत भोंगा आणि खालचा ड्रम फिरत असतात, म्हणून आवाजाला ती घुमणारी लहर येते. लॉर्डने मार्क टूच्या, म्हणजे गिलन आल्यानंतरच्या दुसऱ्या वादकसंचाच्या, काळात आपला हॅमंड सी-थ्री मार्शलच्या गिटार अँप्लिफायरमधून काढला. मार्शलमध्ये फिरणारं काही नाही. तिथे आतल्या व्हॉल्व्हवर, म्हणजे काचेच्या नळ्यांवर, भार पडून आवाज फाटतो आणि ऑर्गन थेट गिटारच्या पट्ट्यात येऊन बसतो. दुसरा गिटारवादक नसताना ब्लॅकमोरच्या मागे जी भिंत ऐकू येते ती याची. येसमध्ये रिक वेकमनने मेलोट्रॉन, मिनीमूग, हॅमंड असा कीबोर्ड वाद्यांचा ताफा रंग वाढवण्यासाठी वापरला. लॉर्डने एकच वाद्य वजन वाढवण्यासाठी वापरलं. हा शोध हार्ड रॉकचा आहे, आणि तो हार्ड रॉकच्या खात्यावरच राहू द्यावा.

जाता जाता 'स्मोक ऑन द वॉटर'च्या त्या रिफबद्दलही सांगतो, कारण गिटार शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण ती पहिल्या आठवड्यात चुकीची शिकतो. एका तारेवर एकेक सूर वाजवला की ती पोकळ होते. ती जोडसुरांची आहे, दोन सुरांत चौथ्याचं अंतर (सा ते म एवढं): डी आणि जी तारा एकत्र, आधी मोकळ्या, मग तिसरा फ्रेट, मग पाचवा. आणि पिकने खाली ओढायची नाही. पिक आधी खालची तार छेडतो, मग वरची. ब्लॅकमोर दोन्ही तारा बोटांनी एकदम उचलतो, म्हणून दोन्ही सूर एकाच क्षणी सुटतात आणि ऑर्गनशी चिकटून बसतात.

ऑर्केस्ट्राच्या पुराव्याकडे येऊ. २४ सप्टेंबर १९६९, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल, रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा, माल्कम अर्नोल्ड यांचं संचालन, जॉन लॉर्डची तीन भागांची 'कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा'. वाद घालताना सगळे इथेच बोट ठेवतात. पण नीट ऐका. पहिल्या भागात ऑर्केस्ट्रा बराच वेळ एकटा वाजतो, मग बँड घुसतो, आणि पुढे दोघं आळीपाळीने बोलतात. एकमेकांच्या आवाजात मिसळण्याचे क्षण थोडे. लॉर्डला त्या भागात दोघांना समोरासमोरच उभं करायचं होतं, त्यामुळे हा दोष म्हणता येत नाही, पण बँडच्या भाषेत त्यामुळे काही नवं आलं असंही दिसत नाही. उलट ब्लॅकमोरने हट्ट धरला की पुढची रेकॉर्ड निखळ रॉकची हवी, आणि 'इन रॉक' झाली.

खरा पुरावा त्याच वर्षाच्या आदल्या रेकॉर्डवर आहे, जिच्याकडे फार कुणी बघत नाही. 'डीप पर्पल' नावाचाच तिसरा अल्बम, गायक रॉड इव्हान्स आणि बेसवादक निक सिंपर यांच्यासह मार्क वनचा, म्हणजे पहिल्या वादकसंचाचा, शेवटचा. मुखपृष्ठावर हिएरोनिमस बॉशचं चित्र. त्यावरचं 'एप्रिल' बारा मिनिटांचं आहे. पहिल्या भागात ऑर्गन आणि अकूस्टिक गिटार, शब्द नाहीत. मधला भाग लॉर्डने तंतुवाद्यं आणि फुंकवाद्यांसाठी लिहिलेला, बँड पूर्ण गप्प. तिसऱ्या भागात बँड परततो आणि तेव्हा कुठे गाणं सुरू होतं. इथे तिन्ही भाग एकाच उदास मूडचे आहेत, आणि शेवटचं गाणं आधीच्या आठेक मिनिटांशिवाय अर्धं वाटतं. कॉन्चेर्टोपेक्षा हे मला कितीतरी सरस काम वाटतं. किंग क्रिमसनचा पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ चा, हा त्याच्या काही महिने आधीचा, हेही लक्षात घ्या. त्याच्याही आधी 'द बुक ऑफ टॅलिसिन' या पर्पलच्या दुसऱ्या अल्बमवरच्या 'अँथम'मध्ये तंतुवाद्यांचा बारोक धाटणीचा भाग आहे. इंग्लंडमध्ये ती रेकॉर्ड हार्वेस्टने काढली. ईएमआयने १९६९ मध्ये खास प्रोग्रेसिव्ह बँडसाठी उघडलेलं हे लेबल, ज्यावर पिंक फ्लॉइडही होते. 'इन रॉक' सुद्धा तिथलीच. त्या वेळी दुकानात ही रेकॉर्ड कुणाशेजारी ठेवायची हा प्रश्न पडत नव्हता.

१९७२ पासून मात्र मी पर्पलसाठी भांडणार नाही. 'मशीन हेड' मार्चमध्ये आली, त्याच महिन्यात जेथ्रो टल या बँडचा 'थिक अ‍ॅज अ ब्रिक'. एकीकडे सात स्वतंत्र गाणी, दुसरीकडे दोन बाजूंवर पसरलेली एकच रचना. वाटा तिथे फुटल्या. अपवाद एकच, 'हायवे स्टार'मधला गिटार सोलो. तो ब्लॅकमोरने आधी रचून, बाखच्या धाटणीच्या कॉर्डमालिकेवर बसवून, दोन गिटारांच्या थरांत रेकॉर्ड केला. सहा मिनिटांच्या गाण्यातला हा तुकडा पद्धतीच्या दृष्टीने 'स्पेस ट्रकिन''च्या वीस मिनिटांपेक्षा प्रोग्रेसिव्हच्या जास्त जवळ आहे.

स्वतः तपासायचं असेल तर कागद-पेन्सिल घ्या आणि गाणं चालू असताना जिथे लय, वाद्यं किंवा धून बदलते तिथला वेळ लिहा. एकदा ऐकून झालं की प्रत्येक नोंदीपुढे लिहा: हा भाग आधी आला होता का, आणि परत आला तेव्हा काय बदललं. 'एप्रिल' आणि 'चाइल्ड इन टाइम'चा कागद भरतो. 'मशीन हेड'वरच्या 'लेझी'चा कागद 'सोलो, सोलो, सोलो' असा होतो, आणि तरी ते गाणं उत्तमच आहे. दोन गोष्टी सांभाळा. लाइव्ह रेकॉर्डपासून सुरुवात करू नका, कारण तिथे रचना आणि विस्तार वेगळे काढता येत नाहीत. आणि 'इन रॉक'ची जुनी अमेरिकन आवृत्ती टाळा. तिच्यात 'स्पीड किंग'च्या आधीचा गोंगाट आणि त्यामागून येणारा शांत ऑर्गन कापून टाकलेला आहे. गोंगाट आणि शांतता शेजारी ठेवायची ही बँडची खोड तिथेच पहिल्या मिनिटात कळते.

शेवटी 'फायरबॉल'वरचं 'फूल्स' लावा, आठ मिनिटांचं. मधे गिटारचा व्हॉल्यूम नॉब फिरवून ब्लॅकमोर प्रत्येक सुराचा आघात लपवतो, त्यामुळे गिटार चेलोसारखी श्वास घेत येते, आणि आधीचा सगळा राग त्या मिनिटांत निवतो. मग 'मेड इन जपान'वरच्या 'स्पेस ट्रकिन''मध्ये तोच तुकडा शोधा. बोटं तीच आहेत, सूर तेच आहेत, पण तिथे त्याच्या आधी काही निवायचं राहिलेलं नाही.