‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्पष्टवक्ते बाब,

(बाई असाल तर क्षमा करा, टोपणनावावरून कळायला मार्ग नाही.)

‘विचारू नका, मोजा’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. लेखापेक्षा थोडीच लहान आहे. लेखात मी म्हटलं होतं ते एवढंच, की हजारो-लाखो माणसांच्या आरोग्याचा अभ्यास करायचा असेल तर कोण किती हालचाल करतो हे त्याला विचारून कळत नाही; अंगावर यंत्र बांधून मोजावं लागतं. त्यावर आपण चार आक्षेप घेतलेत आणि शेवटी हे वाक्य टाकलंत: ‘पणजीत एसीत बसून असले लेख पाडणाऱ्यांनी कधी कुणाच्या दारात जाऊन हे प्रश्न विचारले आहेत का?’

आक्षेपांकडे येतेच. आधी या वाक्याचं बघू.

मी पणजीत राहत नाही, फोंड्यात राहते. घरात एसी नाही. असता तरी त्याचं बिल आपण भरणार नव्हता. आणि दारात जाण्याचं म्हणाल, तर लग्नाआधी मी तेच काम करत होते. एका सर्वेक्षणाचे फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत घालून, कुत्र्यांच्या धाकाने छत्री पुढे धरून, गोव्यातल्या सत्तरी आणि केपे या तालुक्यांत घरोघर फिरले आहे. जागतिक आरोग्य संघटनेची १६ प्रश्नांची ती प्रश्नावली मला अजून तोंडपाठ आहे. ‘नेहमीच्या आठवड्यात, सलग दहा मिनिटं तरी धाप लागेल असं कष्टाचं काम किती दिवस करता? अशा दिवशी किती वेळ करता?’ हे सोप्यावर बसून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून विचारायचं असतं. आपण विचारलं आहे का, असं मीही विचारू शकते. विचारत नाही.

सत्तरीतलं एक घर सांगते. बाई नुकतीच डोक्यावरची लाकडांची मोळी भिंतीला टेकवून, पदराने मान पुसत माझ्यासमोर बसली. कष्टाचं काम किती करता, तर म्हणाली, ‘कसलें काम? घरांतच आसां हांव.’ घरकामही यात धरतात, मी समजावलं. चित्रांचं कार्ड दाखवलं. तिने कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि मलाच म्हणाली, ‘तूंच सांग, कितें बरोवंया?’ (काय लिहायचं?) तोवर नवरा बाहेर आला. न विचारता म्हणाला, आपण रोज एक तास चालतो. आतून सून हसली. तिंट्यावर (नाक्यावर) जाऊन बसतात, म्हणाली. मग ‘बरें, अर्धो तास बरय’ (लिही) अशी तडजोड झाली आणि मी ३० मिनिटं, सात दिवस असं लिहिलं. त्या काळात भरलेले माझे फॉर्म कुणी काढून बघितले तर ३० आणि ६० यांचीच रांग दिसेल. तेवीस मिनिटं, असं उत्तर मला कुणीही दिलं नाही. ही माणसं खोटं बोलत नव्हती. केलेलं काम आठवतं, त्याला लागलेली मिनिटं कुणाच्या डोक्यात राहत नाहीत. पण फॉर्ममध्ये रकाना असतो तो मिनिटांचा.

आता हिशोब करा. ती बाई कागदावर निष्क्रिय, तिचा नवरा सक्रिय. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात ५४.४ टक्के प्रौढ निष्क्रिय ठरले (गोवा त्यात नव्हता, हे आपण सांगण्याआधी मीच सांगते), तेही असेच प्रश्न विचारून. त्याच अभ्यासाच्या २०२३ च्या अहवालात गोव्यात मधुमेह २६.४ टक्के, देशात सर्वांत जास्त. हल्ली कुणी अंग हलवत नाही म्हणून असं झालं, हे आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतही ऐकायला मिळतं. आपणही तेच लिहिलंत. कशावरून?

लेखाचं शीर्षक भडक होतं, हे मान्य. ‘फक्त विचारू नका’ असं हवं होतं.

बाकीचे आक्षेप. अमेरिकेच्या २००३-०४ च्या सर्वेक्षणात विचारल्यावर निम्मे प्रौढ पुरेसा व्यायाम करतात असं निघालं, कंबरेवर यंत्र बांधल्यावर ५ टक्केही निघाले नाहीत, हा आकडा आपल्याला फसवा वाटतो. कारण यंत्राने टिपलेल्यातली फक्त सलग दहा मिनिटांची हालचाल धरली होती. पण दहा मिनिटांची अट प्रश्नावलीतही असते, ती मी वर दिलीच आहे. दोघांना एकच फूटपट्टी लावली तर एकावरच अन्याय कसा? ती अट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आपल्या शिफारशींतून काढून टाकली, हे मलाही ठाऊक आहे. ‘थोडं वाचत चला’ या सल्ल्याची गरज नव्हती.

यंत्राशिवायही अभ्यास होतो, म्हणून लंडनच्या बसचं उदाहरणही आपण दिलंत. १९५३ मध्ये ब्रिटिश संशोधक मॉरिस यांनी यंत्रही बांधलं नाही आणि मिनिटंही विचारली नाहीत. बसून राहणारे चालक आणि दुमजली बसचे जिने चढणारे वाहक यांच्यातला हृदयविकार नुसत्या हुद्द्यावरून ताडून बघितला. चांगलं उदाहरण आहे. फक्त १९५६ मध्ये त्यांनीच गणवेशांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चालकांच्या विजारी कंबरेला आधीपासूनच मोठ्या निघाल्या, म्हणजे फरक नुसत्या कामाचा नव्हता, हे लिहायचं आपण विसरलात.

आपला पुढचा आक्षेप: ब्रिटनच्या यूके बायोबँक या मोठ्या आरोग्य-अभ्यासात बोलावलेल्यांपैकी जेमतेम साडेपाच टक्के लोक आले आणि त्यातल्याच सुमारे एक लाख तीन हजारांनी २०१३ ते २०१५ मध्ये आठवडाभर मनगटाला यंत्र बांधलं, म्हणून ती माणसं मुळातच धडधाकट. असतील. म्हणून यंत्र चुकीचं ठरत नाही.

राहिला सायकलवरचा पदेर, म्हणजे पाववाला. कंबरेचं यंत्र त्याला जवळजवळ बसलेलाच समजतं आणि डोक्यावरचं ओझं त्याला कळतच नाही, असं आपण म्हणता. होय. ‘ताई, तुमची यंत्रं पाव विकायला पाठवा’ असं त्याखाली लिहिण्याने मुद्द्यात भर पडली नाही, एवढंच सांगते.

आपली प्रतिक्रिया मी काढणार नाही, तशीच राहील. ओझं आणि सायकल यंत्राला कशी चुकवतात यावर पुढचा लेख येतो आहे. आपण लिहिलंत म्हणून नव्हे. तो आधीच ठरला होता.