वेश पायापासून चढवावा

आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं. एकसष्टी, संध्याकाळी सात, हॉल पहिल्या मजल्यावर, आणि तळाला गुलाबी अक्षरांत ‘थीम : जुना जमाना. वेशभूषा आवश्यक.’ त्या ‘आवश्यक’वर नाना अडला. फडके रोडच्या मागच्या गल्लीतल्या कट्ट्यावर फोन हातोहात फिरला, तोवर चहा निवला.

“ताप आलाय म्हणून कळवतो,” नाना म्हणाला. “या वयात सोंग कसलं काढायचं?”

मास्तरांनी लगेच री ओढली. पोरांनी वेश केला तर कौतुक, सत्तरीच्या माणसाने केला तर तमाशा, असं त्यांचं म्हणणं. अण्णा मात्र उसळला. हौशी नाटकांचा कपडेपट आणि रंगभूषा सांभाळण्यात त्याची हयात गेली, त्यामुळे ‘सोंग’ हा शब्द त्याला झोंबतो.

“बालगंधर्वांचा जन्म १८८८चा. पन्नाशी उलटली तरी ते लुगडं नेसून रंगमंचावर उभे राहत होते. कोकणात दशावतारातली उतारवयातली माणसं आजही स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतात. ते तमाशा करतात का?”

“ते भूमिका करतात,” मास्तर म्हणाले. “हॉलमध्ये दाढीमिशांचा बाप्या साडी गुंडाळून कंबर हलवतो, तेव्हा हसू साडीवर असतं आणि बाईवरही.”

हे अण्णालाही पटलं. साडीचा विषय तिथेच मिटला.

बापूचं म्हणणं वेगळं होतं. औषधांच्या दुकानात चाळीस वर्षं उभा राहिलेला माणूस, तो वेशाकडे प्रिस्क्रिप्शनसारखा बघतो. “नाना, तुला लाज नाही वाटत, तुला भीती वाटते. चष्म्याची, गुडघ्याची, कानातल्या मशीनची आणि लघवीची. एकेक घे, म्हणजे थीम राहील बाजूला.”

सुनेने नानासाठी बेलबॉटम, टोप आणि लांब कल्ले ठरवले होते. अण्णाने ते तीन वाक्यांत निकालात काढलं. सत्तरच्या दशकातल्या बेलबॉटमची मोहरी चोवीस-सव्वीस इंचांपर्यंत जायची आणि बूट झाकायची. जिना उतरताना एका पायाच्या मोहरीवर दुसरा पाय पडला की माणूस तोंडावर. त्यात उंच टाचेचा बूट घालायचा म्हणजे घोट्याचीही परीक्षा.

“सगळे डोक्यापासून सुरुवात करतात. आधी टोप, मग मिशी, मग कपडे, आणि शेवटी पायात काय घालायचं ते सुचत नाही. म्हातारपणी उलटं करायचं. बूट स्वतःचे, रोजचे, तळ न घसरणारे. त्या बुटांवर कोणता माणूस शोभेल ते बघायचं. वेश पायापासून वर चढवायचा.”

मास्तर म्हणाले, मग शेरवानी बरी, तेवढाच मान. अण्णाने मान हलवली. शेरवानीखाली चुडीदार येतो. अरुंद मोहरीतून टाच निघत नाही. पावलावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून पाय सरकवायचा आणि मग पिशवी ओढून काढायची, ही कपडेपटातली जुनी युक्ती. तरी खुर्चीत बसून पाच-सात मिनिटं जातात आणि वाकावं लागतं. शिवाय चुडीदाराला नाडी असते. बापूने बोट वर केलं. “रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. त्यावर प्रोस्टेट. अशा माणसाला नाडीची गाठ सोडायला दोन मिनिटं लागली तर काय होईल, ते सांगायला हवं का?” शिवलेल्या धोतराचंही तेच. इलॅस्टिक असतं पण पुढे चेन नसते, सगळं खाली ओढावं लागतं आणि घोळ ओल्या फरशीवर लोळतो. त्याचं म्हणणं एवढंच की पँट हवी, आणि पुढे चेन हवी.

भाड्याच्या कपड्यांवर अण्णा रंगला. ड्रेपरीत, म्हणजे भाड्याने वेश देणाऱ्या दुकानात, जाताना छातीचं माप सगळे सांगतात, पोटाचं कोणी सांगत नाही. पट्टा पोटाखाली बांधायची सवय असल्यामुळे पँटचं माप छत्तीस निघतं आणि बेंबीवर टेप लावली की बेचाळीस. अंगरखा किंवा कोट त्या बेचाळीसवर बसायला हवा, नाहीतर खाली बसताच बटण उडतं. मापाची टेप नेहमी बसून लावायची. कपडा आणल्यावर उलटा करून काखेतली आणि मानेमागची शिवण बघायची, कारण जरीची तार तिथेच टोचते. डांबराच्या गोळ्यांचा वास असतो, तेव्हा निदान अर्धा दिवस वाऱ्यावर टाकायचा. दम्याचा माणूस असेल तर असा कपडा घरातच आणायचा नाही. मखमलीला आतून नायलॉनचं अस्तर असतं, त्यात उकडतं. आत बाह्यांचा सुती सदरा हवाच. उतारवयात तहान कमी लागते, म्हणून पाणी आठवणीने प्यायचं, हे बापूने मध्येच घातलं.

“पाणी पिऊ आणि मग चेन शोधू,” नाना कुरकुरला.

मिशीवर मात्र वाद पेटला, कारण नानाला मिशी हवी होती. वेश नको, पण मिशी हवी! अण्णाने प्रकार सांगितला. स्पिरिट गम म्हणजे अल्कोहोलात विरघळवलेली राळ. दाढी आदल्या रात्री करायची, कारण ताज्या दाढीवर आग होते. त्वचा तेलविरहित, कोरडी हवी. पातळ थर लावून अर्धा मिनिट थांबायचं, बोटाला तार येऊ लागली की मिशी ठेवून ओलसर फडक्याने दाबायची. आणि मिशी अखंड लावायची नाही. मधोमध कापून दोन तुकडे, नाकाखालच्या खळीत जागा मोकळी. नाहीतर बोलताना ओठ ताणला की मधून उचलते. कवळीवाल्यांचा वरचा ओठ जास्त हलतो, त्यांची तर पहिल्या घासालाच.

“आणि काढताना?” बापूने विचारलं. “म्हातारी कातडी पातळ असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ओढताक्षणी तिथे निळं होतं. खोबरेल लाव, दहा मिनिटं बस, मग कडेकडेने सोडव. त्याआधी, म्हणजे समारंभाच्या दोन दिवस आधी, कोपराच्या आतल्या बाजूला गमचा एक ठिपका लावून बघ. खाज आली तर मिशी रद्द. फेविक्विकचं नाव काढू नकोस.” पावडरीबद्दलही त्याने सुनावलं. जाड थर सुरकुत्यांत बसतो आणि वय दहा वर्षांनी वाढवतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत डोळ्यांजवळ काहीही नको.

मास्तरांनी कापसाच्या दाढीची सूचना केली, स्वस्त आणि निरुपद्रवी म्हणून. यावर अण्णा आणि बापू दोघेही एकदम ओरडले. एकसष्टीला एकसष्ट दिव्यांनी औक्षण होतं. ताम्हण भरलेलं असतं, ओवाळणारी पुढे येते, तोंड गोड करायला म्हणून पाहुणे वाकतात, आणि कापसाची दाढी नेमकी ज्योतीच्या उंचीला लोंबते. कापूस भुर्रकन पेटतो. नायलॉनचा टोप पेटला तर वितळून कातडीला चिकटतो. नकली केस लावलेल्या माणसाने ताम्हणापासून चार हात लांब राहावं, फोटो काही राहात नाही.

टोपाचा दुसरा त्रास नानाच्या कानाशी. कानावर घट्ट काही बसलं की मशीनमधून निघालेला आवाज परत तिच्याच माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. फेट्याचंही तेच. कडा कानाच्या वर राहील अशी टोपी चालेल.

“म्हणजे बूट माझे, चष्मा माझा, पँट चेनवाली, टोप नाही, दाढी नाही. मग वेश उरला कुठे?” नानाने विचारलं.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मास्तर, ज्यांनी सुरुवातीला नाही म्हटलं होतं, तेच म्हणाले, “एसटीचा कंडक्टर.”

अण्णाने मांडीवर थाप मारली. पहिली एसटी १ जून १९४८ला पुणे-नगर मार्गावर धावली. जुना जमाना यापेक्षा कोणता हवा? खाकी सुती शर्ट-पँट शिंपी दोन दिवसांत शिवून देतो, पोटाच्या मापाने. चष्मा शोभतो, उलट हवाच. काखेत चामड्याची पिशवी, तिच्यात सुट्टे, रात्रीची गोळी, पाण्याची छोटी बाटली आणि मशीनचे जादा सेल. हातात तिकिटांची पेटी आणि पंच. खरा पंच जुन्या बाजारात मिळाला तर उत्तम, नाहीतर स्टेशनरीच्या दुकानातलं एक भोक पाडणारं यंत्र पुरतं. तिकिटं रंगीत पातळ पुठ्ठ्याची, दीड बाय अडीच इंचाची, शंभरांचे गठ्ठे रबर लावून पेटीत उभे. फक्त कानावर पेन्सिल खोचायची नाही, तिथे मशीन आहे. खरा बिल्ला लावायचा नाही, आणि खाकीवर पोलिसांसारखं काही चढवायचं नाही.

“आधी घरी दोन तास घालून बघ,” बापू म्हणाला. “बसून ऊठ, दहा पायऱ्या चढ-उतर, जेव, संडासात जाऊन ये. शेवटचं जमलं की वेश पास.”

नाना गप्प होता. मग हळूच म्हणाला, “तिकीट द्यायचं, म्हणजे पैसेही मागावे लागणार.”

“मागायचे. लोक शंभराची नोट काढतील. तुझ्याकडे सुट्टे नसतील.”

“मग भांडावं लागेल.”

“तेच तर.”

नानाने फोन उचलला आणि ‘येतो’ म्हणून टाइप करायला लागला.

“भांडणं जमेल,” तो म्हणाला. “त्याला मेकअप लागत नाही.”