तिसरी खुर्ची

निवृत्त माणसाला 'नाही' म्हणता येत नाही, हे माझ्या आधी आमच्या भागातील नागरिक गटाला कळले होते. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत पुण्याचे मतदान 13 मे रोजी होते. त्याच्या दोन आठवडे आधी गटाच्या संयोजक बाईंनी फोन करून, "यंदा तुम्ही निरीक्षक," असे आदेशवजा निमंत्रण दिले. तोवर माझ्याकडे उमेदवारांची शपथपत्रे वाचण्याचे काम असे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 सालच्या निकालांमुळे उमेदवाराला स्वतःवरील गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण जाहीर करावे लागते, आणि ती माहिती उपसून मतदारांपुढे ठेवणे हा आपल्याकडील अशा गटांचा मोठा उद्योग आहे. घरबसल्या, पंख्याखाली, कोणाच्या पत्नीकडे किती तोळे सोने आहे हे वाचता वाचता देशसेवा घडत असल्यामुळे मी समाधानी होतो. आमच्या घरात मात्र या सेवेला "लोकांच्या कपाटात डोकावणे" असे म्हटले जाई.

प्रशिक्षण एका वाचनालयाच्या सभागृहात झाले. बाईंनी सुरुवातच फिलिपिन्सपासून केली. 1986 साली तेथील 'नामफ्रेल' या नागरिक संघटनेच्या स्वयंसेवकांनी मतदान केंद्रांवर पहारा दिला, आकडे गोळा करून स्वतंत्र मोजणी केली, आणि सरकारी मोजणीत सत्ताधारी अध्यक्ष मार्कोस पुढे असताना या मोजणीत विरोधी उमेदवार कोराझोन अक्विनो पुढे निघाल्या. तो फेब्रुवारी संपायच्या आत मार्कोस देश सोडून गेले. हे ऐकताना मी खुर्चीत ताठ बसलो होतो. मग बाईंनी आपल्याकडचा नियम सांगितला आणि मी पुन्हा टेकलो. 1961 च्या निवडणूक नियमांत मतदान केंद्रात कोणाला प्रवेश द्यावा याची यादी आहे. तीत मतदान अधिकारी आहेत, कामावरचे सरकारी नोकर आहेत, निवडणूक आयोगाने परवानगी दिलेल्या व्यक्ती आहेत, उमेदवार आणि त्यांचे प्रतिनिधी आहेत, अंध मतदाराचा सोबती आहे, इतकेच काय, मतदाराच्या कडेवरचे मूलही आहे. स्वतःहून उभा राहिलेला नागरिक निरीक्षक तेवढा नाही. कडेवर बसून आत जावे, तर माझे वय 61 आणि वजन 78 किलो, त्यामुळे तीही वाट बंद होती.

बाहेरचा भूगोलही समजून घ्यावा लागला. केंद्रापासून 100 मीटरच्या आत प्रचाराला बंदी असते, आणि उमेदवारांच्या मदत कक्षांनी 200 मीटरच्या पलीकडे थाटायचे असते. मधल्या पट्ट्यात कोणाचेच काही नसते, म्हणून तिथे मला उभे करण्यात आले. लोकसभा त्रिशंकू होणार की काय, यावर लोक पैजा लावत असताना मी सकाळी सहालाच झालो होतो.

माझ्या हातात 23 प्रश्नांचा कागद होता आणि प्रत्येक प्रश्नापुढे 'होय', 'नाही' आणि 'सांगता येत नाही' असे तीन रकाने होते. पहिला प्रश्न असा होता की, मतदानापूर्वीच्या चाचणीत पक्षांच्या प्रतिनिधींसमोर यंत्रावर किमान 50 मते टाकून पाहिली का? मी शंभर मीटरांवरून शाळेच्या भिंतीकडे पाहिले. भिंतीवर पाढे रंगवलेले होते. मी तिसऱ्या रकान्यात खूण केली. यंत्रे सीलबंद आहेत का, शाई डाव्या तर्जनीलाच लावतात का, मत कोणाला गेले ते छापून दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राची चिठ्ठी सात सेकंद दिसते का, या सर्व प्रश्नांवर माझे मत तेच राहिले.

मतदारांची मोजणी मात्र मला करता येण्यासारखी होती. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, अशी जुडी बांधत मी आत जाणाऱ्यांची नोंद ठेवू लागलो. नऊच्या सुमारास मला जाणवले की, चहाची किटली घेऊन आत-बाहेर करणाऱ्या पोराने माझ्या तक्त्याप्रमाणे अकरा वेळा मतदान केले होते. त्याला वजा करावे तर त्याचीच एखादी फेरी खऱ्या मतदानाची असू शकत होती, म्हणून मी दहा वजा केले. नंतर तो अठराही वर्षांचा नसल्याचे कळले आणि मी आणखी एक वजा केला. फिलिपिन्समध्ये हा प्रश्न कसा सोडवला होता, ते विचारायचे राहून गेले होते.

दरम्यान माझ्याविषयी लोकांची निरनिराळी मते होत होती. बंदोबस्तावरच्या हवालदारांनी दोनदा ओळखपत्र पाहिले आणि "गटाचं आहे, सरकारी नाही," असे म्हणून खिन्नपणे परत केले. एका आजींनी माझ्या हातातला कागद ही मतदार यादीच समजून, "बघ रे बाबा, माझं नाव कुठंय," म्हणून मला दहा मिनिटे अडवून ठेवले. एका पक्षाच्या पोरांनी वडापाव पुढे केला, दुसऱ्या पक्षाच्या पोरांनी पोहे आणले. मी निःपक्षपातीपणाने दोन्ही नाकारले, आणि त्यामुळे दोन्ही बाजूंना मी समोरच्यांचा माणूस असल्याची खात्री पटली.

आता खुर्चीचे सांगतो. आयोगाच्या सूचनेप्रमाणे उमेदवाराच्या प्रत्येक कक्षात एक टेबल, दोन खुर्च्या आणि डोक्यावर छत्री किंवा कापड, एवढीच चैन चालते. दुपारी बाराच्या सुमारास, गुडघे बोलू लागलेले असताना, डावीकडच्या कक्षात मला तीन खुर्च्या दिसल्या. सहा तासांत पहिल्यांदाच ठामपणे 'होय' म्हणता येईल असे काही घडले होते. आचारसंहितेच्या भंगाची तक्रार सी-व्हिजिल ॲपवर छायाचित्रासह टाकली की शंभर मिनिटांत तिचा निकाल लावण्याचे आयोगाचे आश्वासन असते, हे प्रशिक्षणात पाठ करून घेतलेले होते. मी फोन काढून जवळ गेलो. तेथील कार्यकर्ता लगबगीने उठला, तिसरी खुर्ची त्याने सावलीत ओढली, फडक्याने पुसली आणि म्हणाला, "या काका. सकाळपासून बघतोय, उभे आहात. शाळेच्या शिपायाकडून ही खास तुमच्यासाठी मागून आणली."

आयोगाच्या पुस्तिकेत या प्रसंगाची तरतूद नाही. बसलो असतो तर मी गुन्ह्याचा लाभार्थी ठरलो असतो, आणि छायाचित्र काढले असते तर माणूसघाणा. शेवटी मी त्यांना खुर्ची परत पाठवायला लावली, आणि शिपाई ती घेऊन जाताना तिच्याकडे मी ज्या नजरेने पाहिले ती कोणत्याही रकान्यात बसणारी नव्हती. कागदावर मी लिहिले : 'खुर्च्या : काही काळ तीन. हेतू चांगला.'

निःपक्षपातासाठी आम्हाला स्वतःच्या केंद्रावर न नेमण्याची पद्धत होती. ती स्तुत्यच आहे, पण तिच्यामुळे माझे स्वतःचे मत सहा किलोमीटर दूर राहिले होते. साडेपाचला बदली माणूस आला तेव्हा मी रिक्षा पकडली आणि 5.58 ला आमच्या शाळेच्या रांगेत धापा टाकत शिरलो. सहा वाजता रांगेतल्यांना चिठ्ठ्या वाटतात त्या शेवटच्या माणसापासून, त्यामुळे आयुष्यात प्रथमच मला पहिला क्रमांक मिळाला आणि मत देण्याची पाळी सर्वांत शेवटी आली.

पुढच्या रविवारी गटाच्या बैठकीत सर्व केंद्रांचे कागद वाचले गेले. माझ्या कागदावरील 23 पैकी 19 खुणा तिसऱ्या रकान्यात असल्याचे बाईंनी सौम्यपणे नोंदवले. मग त्यांनी आमच्या शाळेवरच्या निरीक्षकाची नोंद वाचली : "सायंकाळी 5.58. टोपी घातलेला, हातात कागदांचा गठ्ठा असलेला एक इसम धावत आला. रांगेतील माणसे बोट दाखवून मोजत होता. हालचाली संशयास्पद. पक्ष कळला नाही."

"हा कोण असावा?" बाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहत विचारले.

मी समोरचा कोरा कागद ओढला आणि तिसऱ्या रकान्यात खूण केली.