चोवीस तास थांबायला सांगितलं कुणी?

मावशीचे सासरे गेल्या महिन्यात दुपारी चारच्या सुमारास घराबाहेर पडले ते परतलेच नाहीत. वय ८१. विसराळूपणा म्हणून हसण्यावारी नेण्याचे दिवस केव्हाच संपलेत, कधीकधी ते स्वतःच्या मुलालाही ओळखत नाहीत. घरच्यांनी गल्ल्या धुंडाळल्या, देवळात बघितलं, नातेवाइकांना फोन झाले. रात्री साडेनऊला मावशीने मला कळवलं तेव्हा माझा पहिला प्रश्न, पोलिसांत कधी गेलात? तर म्हणे, "उद्या चारनंतर जाऊ. चोवीस तासांच्या आत घेत नाहीत ना."

हे तिला फॅमिली ग्रुपवर फिरत असलेल्या मेसेजने शिकवलं होतं. 'नव्या कायद्यानुसार पोलीस प्राथमिक तपास कसा करतात, प्रत्येक नागरिकाला माहीत हवे' असं मथळ्यात, खाली सात मुद्दे आणि शेवटी एका वकिलाचं नाव, ज्याचा पत्ता कुणालाच नाही. मी तो आधीही पाहिला होता आणि जाऊ दे म्हणून सोडून दिला होता. आता सोडत नाही.

पहिला मुद्दा हाच: 'व्यक्ती हरवल्यास २४ तास पूर्ण झाल्याशिवाय पोलीस तक्रार घेऊ शकत नाहीत.'

साफ खोटं. असा नियम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नव्हता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही नाही. कायद्यातले प्रसिद्ध २४ तास आहेत ते अटकेबद्दल. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, राज्यघटनेच्या कलम २२ मध्येही ते आहे. म्हणजे ती मुदत पोलिसांवर आहे. ती उचलून हरवलेल्या म्हाताऱ्याच्या घरच्यांच्या गळ्यात कुणी बांधली, देव जाणे. सिनेमातल्या इन्स्पेक्टरांचा यात हात असावा असा माझा दाट संशय आहे.

आता अर्धं सत्य काय ते सांगते, कारण नंतर कुणीतरी तेच घेऊन भांडायला येणार. सज्ञान माणूस घरातून निघून जाणं हा गुन्हा नाही. त्यामुळे तिथे लगेच एफआयआर होत नाही, 'मिसिंग' दाखल होते. वर्णन, अंगावरचे कपडे, फोटो, शेवटचं कुठे दिसले, मोबाइल नंबर हे घेऊन नोंद होते आणि शोध सुरू होतो. आणि हो, काउंटरवरचा ठाणे अंमलदार कधीकधी स्वतःच सांगतो की उद्यापर्यंत वाट बघा, पाहुण्यांकडे गेले असतील. आम्हालाही रात्री साडेदहाला हेच ऐकवण्यात आलं. पण तो त्या माणसाचा आळस होता. "नियम दाखवा" म्हटल्यावर पाच मिनिटांत फॉर्म पुढे आला.

मूल हरवलं असेल तर या अर्ध्या सत्यालाही जागा उरत नाही. 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की अल्पवयीन मूल हरवल्याची खबर आली की ते पळवून नेलंय असंच धरून चालायचं आणि एफआयआर नोंदवायची. म्हणूनच आपल्याकडे १८ वर्षांखालच्या हरवलेल्या मुलामुलींच्या बाबतीत थेट अपहरणाचा गुन्हा दाखल झाल्याच्या बातम्या येतात. 'चोवीस तास थांबा' हा सल्ला मुलाच्या आईला देणाऱ्याला काय म्हणावं? मी म्हणत नाही, फॅमिली ग्रुप आहे.

आणि ते तास म्हणजे नुसती वाट पाहणं नसतं. मोबाइलची बॅटरी संपते. चहाच्या टपरीवर ज्याने बघितलं तो टपरी बंद करून घरी जातो. मेसेज लिहिणाऱ्याने जो दिवस फुकट घालवायला सांगितलाय, त्याच दिवसात बहुतेक धागे हाताला लागतात. आमचे आजोबा पहाटे तीनला दुसऱ्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर सापडले. गस्तीवरच्या हवालदाराला फोटो आलेला होता म्हणून त्याने ओळखलं. फोटो दुसऱ्या दिवशी चारनंतर गेला असता तर काय झालं असतं, हा हिशोब मावशीने माझ्यासमोर एकदा मोठ्याने केला आणि मग गप्प बसली.

दुसरा मुद्दा: 'नव्या कायद्यात प्रत्येक तक्रारीची पोलीस आधी १४ दिवस चौकशी करणार, खरी वाटली तरच एफआयआर.'

याच्यात १४ हा आकडा खरा आहे, म्हणून हा जास्त चिवट. पण नव्या संहितेच्या कलम १७३ चं तिसरं पोटकलम उघडून वाचा. ही चौकशी फक्त तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्यांत. तीही पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन. आणि १४ दिवस ही कमाल मर्यादा आहे, तेवढे दिवस घालवलेच पाहिजेत असं नाही. खून, बलात्कार, दरोडा या चौकटीत येतच नाहीत. घरफोडी सोडा, घरातल्या साध्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे तीही बाहेर. फसवून पैसे काढून घेतले, तिथेही सात वर्षांपर्यंत, तेही बाहेर. अपहरणही तसंच.

उरतं काय? गळ्यातली साखळी ओढून नेली, हा गुन्हा तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा आहे, म्हणजे कागदावर या पोटकलमात बसतो. हे मला मान्य करावं लागतंय आणि आवडत नाहीये. ओढताना दुखापत केली किंवा धाक दाखवला तर मात्र ती जबरी चोरी झाली आणि गोष्ट पुन्हा बाहेर गेली.

'खरी वाटली तरच' या तीन शब्दांवर मात्र मी अडून बसणार आहे. १२ नोव्हेंबर २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा ललिता कुमारी निकाल, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. एका अल्पवयीन मुलीला पळवून नेलं, वडिलांनी लेखी तक्रार दिली, ठाण्याने काहीच केलं नाही, पोलीस अधीक्षकांकडे गेल्यावर कुठे एफआयआर झाली आणि त्यानंतरही हालचाल नाही, अशी ती कहाणी. न्यायालयाने सांगितलं, की खबरीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. खबर विश्वासार्ह वाटते की नाही हे त्या टप्प्यावर बघायचंच नाही. खरंखोटं तपासातून ठरेल, तपास त्यासाठीच असतो. आधी चौकशी चालेल अशी काही प्रकरणंही निकालात दिली आहेत: नवराबायकोचे वाद, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय निष्काळजीपणा, भ्रष्टाचार, आणि तीन महिन्यांहून जास्त उशिरा आलेल्या तक्रारी. चौकशीअंती तक्रार बंद केली तर त्या नोंदीची प्रत कारणांसह आठवड्याच्या आत तक्रारदाराला द्यायची.

नवं पोटकलम याच्या थोडं पुढे जातं हे खरं. मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच तसं म्हटलंय: दखलपात्र गुन्हा दिसत असला तरी तीन ते सात वर्षांच्या पट्ट्यात प्रथमदर्शनी प्रकरण आहे का, हे पाहता येतं. पण त्या पट्ट्याबाहेर ललिता कुमारी जशीच्या तशी उभी आहे. ठाण्यात "अर्ज द्या, चौकशी करून बघतो" ऐकू आलं तर आधी विचारायचं की गुन्हा कुठल्या कलमाचा, शिक्षा किती, आणि परवानगी कुणाची घेतली. अर्ज दिलाच तर आवक क्रमांक आणि शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय हलायचं नाही. एफआयआर झाली तर तिची प्रत तिथल्या तिथे, फुकट.

हद्दीचा मुद्दा ('दुसऱ्या हद्दीतली तक्रार घेत नाहीत') तर कायद्याने निकालातच काढलाय. कलम १७३ च्या पहिल्याच वाक्यात, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, असं आहे. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून संबंधित ठाण्याकडे वर्ग करतात. पुढे.

'ऑनलाइन पाठवलं की एफआयआर झाली.' नाही. पाठवता येतं, पण तीन दिवसांत सही करावी लागते, तेव्हा ती खबर नोंदीवर येते. लोक पाठवून निश्चिंत बसतात आणि चौथ्या दिवशी पोलिसांना शिव्या घालतात.

पाचवा मुद्दा चिडचिड करायला लावतो. 'चोरी झाल्यास घर नीट तपासून, गेलेल्या सर्व वस्तूंची पावत्यांसह यादी करूनच ठाण्यात जा. नंतर काही वाढवता येत नाही.' अहो, घर नीट तपासायला गेलात की कपाटाच्या हँडलवर चोराच्या ठशांवर तुमचे ठसे! उघडं कपाट उघडं राहू द्या, पडलेलं पडू द्या, बाहेर उभं राहून ११२ ला फोन करा. घटनास्थळाचा पंचनामा, ठसेतज्ज्ञ, श्वानपथक या सगळ्यांना जागा जशी होती तशी हवी असते. फिर्याद म्हणजे काही अंतिम हिशोबपत्रक नव्हे. बांगड्या गेल्याचं दोन दिवसांनी लक्षात आलं तर पुरवणी जबाब देता येतो, रोज दिले जातात. पावत्याही नंतर जोडता येतात.

सहाव्यात म्हटलंय की साक्षीदाराने जबाबावर सही केली नाही तर केस उडते. उलट आहे. फिर्यादीवर तक्रारदाराची सही लागते, पंचनाम्यावर पंचांची. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायची नाही, असं कलम १८१ सांगतं. बायकांना, पंधराखालच्या मुलांना आणि साठीपुढच्या पुरुषांना जबाबासाठी राहत्या ठिकाणाहून दुसरीकडे हजर राहायची सक्तीही करता येत नाही. हे त्या मेसेजमध्ये असतं तर निदान कुणाच्या उपयोगी तरी पडलं असतं.

सातवा मुद्दा: 'जनहितार्थ किमान दहा ग्रुपवर पाठवा.' मावशीने तेरा ग्रुपवर पाठवला होता. रविवारी आम्ही दोघी बसलो आणि तेराच्या तेरा ठिकाणी पहिल्या मुद्द्याची दुरुस्ती टाकली. एका ग्रुपच्या ॲडमिनने 'कृपया राजकीय पोस्ट नको' म्हणून ती उडवली. मूळ मेसेज अजून तिथेच आहे.